हेलपाट्यांचा हिशोब: दूरची साठवण आणि जोडणीचा वरखर्च

आजच्या विषयाचं नाव वाचून प्रश्न पडणं साहजिक आहे, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने संगणकांच्या जाळ्यावर कशाला बोलावं? त्याचं उत्तर सोपं आहे. दोन वस्तू एकमेकींशी जोडल्या जातात म्हणजे नेमकं काय होतं, हा आमच्या शास्त्रातला फार जुना प्रश्न आहे. आणि आज तोच प्रश्न, वेगळ्या वेशात, आपल्या हिंगोली जिल्ह्यात येऊन उभा राहिला आहे. म्हणून आज आपण तो नीट समजून घेऊ. गणित थोडं आहे, पण गुणाकाराच्या पलीकडचं नाही.

तुम्हांला माहीत आहे, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ला तिला तत्त्वतः मान्यता दिली, आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, एकमेकींशी काटकोनात. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि अणुऊर्जा विभागाचं बांधकाम खातं अशा चौघांचं हे काम. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे अशाच दोन वेधशाळा आहेत.

आता वेधशाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दुर्बीण येते. इथे दुर्बीण नाही. इथे तयार होतो तो डेटा. आणि औंढ्यात तयार झालेला डेटा औंढ्यातच राहिला, तर त्याचा उपयोग फार थोडा. तो अमेरिकेच्या, युरोपच्या डेटाशेजारी ठेवून पाहावा लागतो, तेव्हा कुठे लहर आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यातून आली ते कळतं. म्हणजे माहिती एका ठिकाणी तयार होणार, दुसऱ्या ठिकाणी साठणार, तिसऱ्या ठिकाणी वाचली जाणार. याला आपण जाळ्यावरची साठवण म्हणू. आजचा प्रश्न असा, की या साठवणीशी जोडणी करण्यातच किती वेळ आणि शक्ती खर्च होते, आणि ती वाचवायची कशी?

जोडणी म्हणजे तार नव्हे

पहिली गोष्ट स्पष्ट करू. दोन संगणकांमध्ये 'कनेक्शन' आहे असं आपण म्हणतो, तेव्हा त्यांच्यामध्ये खास त्यांची अशी तार नसते. तार सगळ्यांचीच असते. त्या तारेवरून हजारो लोकांची छोटी छोटी पॅकेटं एकापाठोपाठ धावत असतात. मग जोडणी कुठे असते? ती असते दोन्ही टोकांच्या स्मरणात. या टोकाला एक नोंद, की मी अमक्याशी बोलतो आहे आणि माझं बोलणं इथवर आलंय. त्या टोकाला तशीच नोंद. दोन्ही नोंदी जुळल्या की जोडणी झाली. एक नोंद पुसली गेली की जोडणी तुटली, मग तार कितीही शाबूत असो.

सावकाराची आणि कुळाची वही जुळावी तसंच हे. आणि वही जुळवायची म्हणजे जाणं-येणं आलं.

इंटरनेटवर हे काम करणाऱ्या नियमांना टीसीपी म्हणतात. १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी त्याची कल्पना मांडली, आणि १९८१ मध्ये त्याचं स्थिर रूप प्रसिद्ध झालं. त्यात जोडणी होते ती तीन पावलांनी. पहिला म्हणतो, 'बोलायचंय, माझा आकडा हा.' दुसरा म्हणतो, 'तुझा आकडा मिळाला, माझा हा.' पहिला म्हणतो, 'तुझाही मिळाला.' तीन पावलं का, दोन का नाहीत? कारण आपलं म्हणणं समोरच्याला पोहोचलं हे दोघांनाही कळायला हवं. नुसतं सांगून भागत नाही, पोच हवी.

या जाण्या-येण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते सोडून देऊ. आपल्याकडे फार चांगला शब्द आहे: हेलपाटा. कामाची खरी वस्तू अजून हललेलीच नाही, पण एक हेलपाटा झाला.

आता हेलपाटे मोजू. टीसीपीची ओळख पटवायला एक. त्यानंतर बोलणं गुप्त राहावं म्हणून कुलूपकिल्ल्या ठरवाव्या लागतात. त्या पद्धतीला टीएलएस म्हणतात. तिच्या २००८च्या आवृत्तीत दोन हेलपाटे लागायचे. मग 'तू कोण, तुला हा डेटा पाहायचा अधिकार आहे का' याची तपासणी, किमान एक. म्हणजे चार हेलपाटे झाले तरी डेटाचा एक कणही सरकलेला नाही.

आणि पुढे गंमत आहे. नवी जोडणी झाल्यावर टीसीपी एकदम सगळा माल पाठवत नाही. रस्ता किती रुंद आहे हे त्याला माहीत नसतं. म्हणून तो आधी साधारण दहा पॅकेटं पाठवतो. पोच आली की वीस, मग चाळीस, मग ऐंशी. नव्या सुनेने पहिल्या दिवशी बेताबेताने बोलावं, तसं. हा शहाणपणाच आहे, नाहीतर सगळे एकदम सुटले तर जाळं तुंबेल. पण त्याची किंमत अशी, की प्रत्येक नवी जोडणी अनोळखी असते, आणि प्रत्येक अनोळखी जोडणी हळू चालते.

औंढ्याचा हिशोब

आता हे सगळं औंढ्याला लावून पाहू. वेधशाळेचा मुख्य संकेत सेकंदाला १६,३८४ वेळा मोजला जातो. प्रत्येक मोजमाप आठ बाइटचं धरा. सेकंदाला १,३१,०७२ बाइट झाले. दिवसाला सुमारे ११.३ जीबी. याशिवाय यंत्राची तब्येत सांगणाऱ्या लाखांवर इतर वाहिन्या असतात, त्यांचा डेटा कितीतरी जास्त. पण तो सध्या बाजूला ठेवू. नुसत्या मुख्य संकेताला सेकंदाला एक मेगाबिटच्या आसपास वाट पुरते. तुमच्या खिशातला मोबाईलसुद्धा एवढं वाहून नेतो. म्हणजे रुंदीचा प्रश्न नाहीच.

समजा, आपण एकेका सेकंदाचा तुकडा करून अमेरिकेतल्या साठवणीकडे पाठवतो, आणि प्रत्येक तुकड्यासाठी नवी जोडणी करतो. मराठवाड्यातून कॅलिफोर्नियापर्यंत जाऊन यायला किती वेळ लागेल? काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अंतर चौदा हजार किलोमीटर धरलं, तरी जाऊन-येऊन १४० मिलिसेकंदांच्या खाली येताच येत नाही. केबल सरळ रेषेत नसते, वाटेत यंत्रं असतात, म्हणून व्यवहारात दोनशे ते अडीचशे. आपण २४० धरू.

एका तुकड्याची नव्वद पॅकेटं होतात. दहा, वीस, चाळीस अशी सत्तर गेली, उरलेली चौथ्या खेपेत. म्हणजे मालाचे चार हेलपाटे आणि आधीचे चार. एकूण आठ. आठ गुणिले २४० मिलिसेकंद म्हणजे १.९२ सेकंद.

नीट पाहा. एका सेकंदाचा डेटा पाठवायला जवळजवळ दोन सेकंद. एकामागून एक पाठवत गेलो तर एका दिवसाचा डेटा पाठवायला ४६ तास लागतील. आपण रोज बावीस तास मागे पडत जाऊ, आणि कधीही गाठू शकणार नाही. वाट रिकामी आहे, माल थोडा आहे, यंत्रं उत्तम आहेत, तरी काम होत नाही. हेलपाट्यांनी खाल्लं.

हाच हिशोब औंढा ते पुणे असा केला तर? सरळ अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. एक हेलपाटा १० मिलिसेकंद धरू. आठ हेलपाटे म्हणजे ८० मिलिसेकंद. जाणवणारही नाही. तोच प्रोग्रॅम, तीच पद्धत. जवळच्याला फुकट आणि दूरच्याला अशक्य. हे आपण लक्षात ठेवू, कारण शेवटी याच मुद्द्यावर यायचं आहे.

घाई कशाला, असं कुणी म्हणेल. १७ ऑगस्ट २०१७ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर पृथ्वीवर पोहोचली. इटलीतल्या व्हर्गो वेधशाळेला आधी, लिव्हिंग्स्टनला २२ मिलिसेकंदांनी नंतर, आणि हॅनफर्डला आणखी ३ मिलिसेकंदांनी. या फरकांवरूनच दिशा काढतात. टकरीनंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला. चिलीमधल्या दुर्बिणीला त्या स्फोटाचा उजेड सापडेपर्यंत जवळजवळ अकरा तास गेले, आणि त्यातला निळा प्रकाश दोन-तीन दिवसांत विझला. तिथल्या पहिल्या तासांत काय घडलं ते आपल्या हातून गेलं. औंढ्याची वेधशाळा सुरू झाल्यावर दिशा अधिक अचूक कळेल, हा तर तिचा मोठा उपयोग. पण तिचा डेटा वेळेवर पोहोचला तरच.

हळदीच्या बाजारात

आता आपल्या परिचयाचा दाखला घेऊ. हिंगोली आणि वसमत, दोन्हीकडे हळदीचे मोठे बाजार. शेतकरी हळद घेऊन येतो. गेटवर नोंद, उतराई, लिलाव, काटा, मग पट्टी. एक पोतं आणलं काय आणि ट्रॅक्टरभर आणलं काय, गेटवरची नोंद एकदाच, पट्टी एकदाच. हमाली-तोलाई मालाप्रमाणे वाढते. पण रांगेत उभं राहणं, नोंद करणं, हिशोब करणं हे खेपेप्रमाणे वाढतं. जो खर्च मालाबरोबर नाही तर खेपेबरोबर वाढतो, त्यालाच वरखर्च म्हणायचं.

कुठलाही शहाणा शेतकरी एकेक पोतं घेऊन पन्नास खेपा करणार नाही. पण संगणकाचे प्रोग्रॅम हे सर्रास करतात. कारण लिहिणाऱ्याच्या टेबलावर साठवण शेजारीच असते, आणि तिथे खेप फुकट वाटते.

दुसरंही एक कारण आहे. पूर्वी साठवण फिरत्या तबकड्यांवर असायची. तबकडीवर हवी ती जागा गाठायला आठ-दहा मिलिसेकंद लागायचे. त्यात एका इमारतीच्या आतला, मिलिसेकंदाहून छोटा हेलपाटा कुणाच्या डोळ्यांत भरत नव्हता. आता अर्धवाहक साठवण आली. ती एक दशांश मिलिसेकंदात उत्तर देते. मूळ खर्च शंभरपट घटला, आणि वरखर्च उघडा पडला. नदीचं पाणी ओसरलं की तळचे दगड दिसतात, तसं. दगड आधीही होतेच.

पाच उपाय

मग करायचं काय? उपाय अनेक आहेत, पण त्यांचे पाच गट करता येतात.

पहिला उपाय: जोडणी करूच नका. जो डेटा पुन्हा पुन्हा लागतो त्याची एक प्रत जवळ ठेवा. लायगोचा जुना, साठलेला डेटा जगभरच्या संशोधकांना अशाच वाटेने मिळतो. मूळ भांडार एकीकडे, आणि वाटेवर ठिकठिकाणी प्रती ठेवणारी केंद्रं. पहिल्याने मागितलं की दुरून येतं, दुसऱ्याला जवळून मिळतं. गावात टाकी असली की प्रत्येक घागरीसाठी धरणावर जावं लागत नाही.

दुसरा उपाय: एकदा जोडा आणि जोडलेलं ठेवा. १९९७ मध्ये वेबच्या नियमांत हे आलं. तोवर पानावरच्या प्रत्येक चित्रासाठी नवी जोडणी हीच रीत होती. साठवणीतही तेच. प्रोग्रॅम सुरू होताना काही जोडण्या करून ठेवायच्या, काम आलं की त्यातली एक घ्यायची, झालं की परत ठेवायची. आपल्या हिशोबात बसवा: ओळखपाळखीचे चारही हेलपाटे पहिल्यांदाच होतात. रस्ता किती रुंद आहे तेही कळलेलं असतं, म्हणून नव्वदच्या नव्वद पॅकेटं एकाच खेपेत जाऊ शकतात. १.९२ सेकंदांचे २४० मिलिसेकंद झाले. एकाच फरकाने आठपट.

इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी. जोडणी उघडी असली तरी काही क्षण तिच्यावरून काही गेलं नाही, तर लिनक्ससारखी व्यवस्था तिची गती पुन्हा कमी करते, रस्ता बदलला असेल या सावधगिरीने. सेकंदाला एकदाच बोलणाऱ्या जोडणीला हे अडचणीचं ठरू शकतं. ही सवय बंद करण्याची सोय असते. पण ती आहे हे आधी ठाऊक तर हवं.

तिसरा उपाय: जोडल्यावर आतले हेलपाटे कमी करा. एनएफएस नावाची फाइल वाटून घेण्याची पद्धत १९८४ पासून आहे. तिच्या जुन्या रूपात फोल्डर शोधा, फाइल शोधा, परवानगी पाहा, वाचा, अशी प्रत्येक गोष्ट वेगळी विचारावी लागे. चौथ्या आवृत्तीत यातल्या अनेक विनंत्या एका चिठ्ठीत लिहून पाठवायची सोय झाली. तहसीलमध्ये पाच खिडक्यांवर पाच अर्ज देण्याऐवजी एकच अर्ज, तसं. टीएलएसनेही २०१८च्या आवृत्तीत दोन हेलपाट्यांचा एक केला.

चौथा उपाय: जोडणी वाटून घ्या. समजा दोनशे संगणक आहेत, प्रत्येकावर पन्नास कामं चालू आहेत, आणि साठवणीचे वीस सर्व्हर आहेत. प्रत्येक कामाने प्रत्येक सर्व्हरशी स्वतंत्र जोडणी केली तर दोन लाख जोडण्या झाल्या. एका संगणकावरच्या सगळ्या कामांनी मिळून सर्व्हरमागे एकच वापरली तर चार हजार. एसटीत सगळे एकत्र जातात, प्रत्येकासाठी वेगळी जीप लागत नाही. मात्र एसटी खच्चून भरली की खोळंबा सगळ्यांचाच होतो, म्हणून एकाऐवजी चार-आठ जोडण्या ठेवण्याची सोयही असते.

पाचवा उपाय: उत्तराची वाट पाहत बसू नका. पहिल्या तुकड्याची पोच यायच्या आत दुसरा सोडा. वाट पाहणं आणि काम करणं एकाच वेळी चालू द्या. लायगोच्या तातडीच्या डेटावाटपात अपाचे काफ्का ही संदेश वाहणारी व्यवस्था वापरतात. तिच्यात जोडणी टिकून राहते आणि तुकडे एकामागून एक वाहत राहतात. प्रत्येक तुकडा पोहोचायला लागणारा वेळ अंतरामुळे उरतोच. पण तुकड्यांची रांग तुंबत नाही.

फुकट काहीच नाही

आता दुसरी बाजू. टिकवलेली जोडणी म्हणजे टिकवलेली आठवण, आणि आठवणीला जागा लागते. त्या दोन लाख जोडण्यांना प्रत्येकी ६४ केबी जागा धरली, तर जवळजवळ १३ जीबी स्मृती नुसतं कोण कोण आलंय हे लक्षात ठेवण्यात गेली.

उलट, सारखं जोडत-तोडत बसलं तर तेही महाग. तुटलेल्या जोडणीची नोंद लिनक्स लगेच पुसत नाही. उशिराने आलेलं एखादं पॅकेट भलत्याच्या खात्यात जमा होऊ नये म्हणून ती साठ सेकंद जपतो. आणि एका संगणकाकडून एका सर्व्हरच्या एका दाराशी जोडायला मूळ मांडणीत सुमारे २८,००० क्रमांकच उपलब्ध असतात. भागाकार करा: सेकंदाला चारशे सत्तरच्या वर नव्या जोडण्या केल्या की क्रमांक संपले. मग यंत्र रिकामं बसलेलं असतं आणि 'जागा नाही' म्हणत असतं.

तिसरा धोका मेलेल्या जोडणीचा. वाटेतल्या एखाद्या उपकरणाने गुपचूप आपली नोंद पुसली, तर एका टोकाला वाटतं आपण जोडलेले आहोत, आणि दुसरीकडे कुणीच नसतं. लिनक्सची मूळ मांडणी अशी, की तपासणीची सोय चालू केली तरी पहिली तपासणी दोन तासांनी होते. म्हणून अधूनमधून 'आहेस ना?' असं विचारणं ही टिकाऊ जोडणीची अटच आहे.

चौथा धोका शेतकऱ्यांना लगेच कळेल. रात्री लाईट आली, की ऑटोस्टार्टर लावलेले सगळे मोटारपंप एकाच क्षणी सुरू होतात आणि डीपी उडते. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला की हजारो संगणक असेच एकदम जोडायला धावतात, आणि तो पुन्हा कोसळतो. उपाय तोच, जो डीपीला लागू पडतो: प्रत्येकाने थोडं, वेगवेगळ्या वेळाने थांबून सुरू व्हावं, पुन्हा जमलं नाही तर आणखी जास्त थांबावं.

आणि पाचवा, सगळ्यांत नाजूक. टीएलएसच्या नव्या आवृत्तीत जुनी ओळख असेल तर पहिल्याच पॅकेटबरोबर काम पाठवता येतं, हेलपाटा शून्य. पण असं पॅकेट मध्येच कुणी उचलून पुन्हा पाठवलं तर समोरच्याला ते खरंच वाटू शकतं. 'अमुक फाइल वाचून दाखव' ही विनंती दोनदा गेली तर बिघडत नाही. 'खात्यातून हजार रुपये वळते कर' ही दोनदा गेली तर बिघडतं. तेव्हा एकदा केलं काय आणि दोनदा केलं काय, सारखंच, अशीच कामं या वाटेने पाठवावीत. ओळख पटवण्यात घालवलेला वेळ नेहमीच वाया गेलेला नसतो.

संयोग आणि समवाय

इथे आमच्या शास्त्राकडे वळू, थोडक्यात. न्याय-वैशेषिकांनी संबंधाचे दोन मुख्य प्रकार सांगितले. संयोग म्हणजे आधी वेगळ्या असलेल्या दोन वस्तूंचं एकत्र येणं, जसं हात आणि पुस्तक. तो येतो आणि जातो. समवाय म्हणजे जे वेगळं करताच येत नाही त्यांचा संबंध, जसं कापड आणि त्याचे धागे. तो नित्य.

यावर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात आक्षेप घेतला. समवाय ही जर त्या दोन वस्तूंहून वेगळी तिसरी वस्तू असेल, तर तिला त्या दोघींशी जोडायला आणखी एक संबंध लागेल, त्याला आणखी एक, आणि हे कुठेच थांबणार नाही. अनवस्था. १८९३ मध्ये इंग्लंडच्या ब्रॅडलीने आपल्या वाटेने जवळपास हीच अडचण मांडली.

आता हे जाळ्यावर आणून पाहा. जोडणी ही स्वतंत्र वस्तू आहे. ती निर्माण करावी लागते, तिला जोडायला वेगळे संदेश लागतात, आणि त्या संदेशांची पोच लागते. पोच मिळाल्याची पोच, तिची पोच, असं करत गेलो तर अनवस्था इथेही आहेच. टीसीपी तिसऱ्या पावलावर थांबतो, कारण तिथे काम सुरू करण्यापुरती खात्री मिळालेली असते. पूर्ण खात्रीची वाट पाहिली असती तर आजवर एकही पॅकेट हललं नसतं. शास्त्रात जी अडचण सिद्धान्ताला थांबवते, ती व्यवहारात हेलपाट्यांच्या रूपाने मोजता येते. आणि इंजिनियर ज्याला टिकाऊ जोडणी म्हणतात, तो समवाय नव्हे. तो काळजी घेऊन लांबवलेला संयोगच आहे. हे विसरलं की मेलेल्या जोडण्या हाती येतात.

दूरच्या माणसाचा मुद्दा

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. वेधशाळेकडे हुशार माणसं आहेत. ती हेलपाटे मोजतील आणि कमी करतील. पण आपल्या सेनगावच्या किंवा कळमनुरीच्या एखाद्या वाडीवर कोण मोजतं?

समजा, एखाद्या सरकारी किंवा खासगी सेवेचं काम पूर्ण व्हायला वीस हेलपाटे लागतात. शहरात, सर्व्हरच्या जवळ, चांगल्या फायबरवर एक हेलपाटा १० मिलिसेकंदांचा. वीसचे मिळून एक पंचमांश सेकंद. वाडीवर, टॉवर लांब, हेलपाटा ३०० मिलिसेकंदांचा. वीसचे सहा सेकंद. वर कमजोर टॉवरवर पॅकेट हरवतं. चालू असलेल्या जोडणीवर हरवलं तर चटकन कळतं, कारण वेळेचा अंदाज असतो. पण नव्या जोडणीचं पहिलंच पॅकेट हरवलं तर कसलाच अंदाज नसतो. टीसीपी पूर्ण एक सेकंद थांबतो, पुन्हा हरवलं तर दोन, मग चार. म्हणजे जिथे जाळं कमजोर, तिथे नवी जोडणी सगळ्यांत महाग. मग दुकानदार अंगठा पुन्हा लावायला सांगतो, म्हातारी पुन्हा रांगेत उभी राहते, आणि सगळे म्हणतात, 'सर्व्हर डाऊन आहे.' पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो. पडलेला असतो तो हेलपाट्यांचा हिशोब.

रुंदी पैशाने विकत घेता येते. अंतर विकत घेता येत नाही. प्रकाशाचा वेग कुणी वाढवून देत नाही. म्हणून ज्या रचनेत हेलपाटे जास्त, ती रचना दूरच्या माणसावर कर बसवते, आणि जवळ बसलेल्या रचनाकाराला तो कर दिसतसुद्धा नाही. त्यात कुणाचा दुष्टपणा असतो असं नाही. आपल्याला जे फुकट आहे ते सगळ्यांनाच फुकट असेल, एवढंच ते गृहीतक. असं गृहीतक उघडं पाडणं हे तत्त्वज्ञानाचं जुनं काम आहे, म्हणून आज एवढं बोललो.

इथे बसलेल्या आणि ऐकणाऱ्या तरुणांपैकी कित्येक जण उद्या असे प्रोग्रॅम लिहितील. त्यांना एवढंच सांगणं: आपल्या टेबलावर चाचणी करताना मुद्दाम ३०० मिलिसेकंदांचा उशीर लावून बघा. लिनक्समध्ये एका ओळीच्या आज्ञेत हे होतं. मग आपलं काम वाडीवर कसं दिसतं ते आपल्याला खुर्चीत बसून कळेल.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: गावोगावी फायबर आणि फाइव्ह-जी आलं, की हा प्रश्न आपोआप संपेल ना, सर?

उत्तर: कमी होईल, संपणार नाही. टॉवरपर्यंतचा उशीर घटेल, पॅकेटं हरवणं घटेल. पण सर्व्हर मुंबईत असेल तर मुंबईचं अंतर उरेल, परदेशात असेल तर ते उरेल. शिवाय अनुभव असा, की रस्ता चांगला झाला की लोक जास्त खेपा करतात. प्रोग्रॅमचंही तसंच आहे. म्हणून हेलपाटे मोजायची सवय हवीच.

प्रश्न: जोडणी सतत उघडी ठेवली, तर चोरट्याला आयतं दार मिळणार नाही का?

उत्तर: चांगला प्रश्न. उघडी म्हणजे बिनकुलपाची नव्हे. आतलं बोलणं कुलूपबंदच असतं. पण एकदा दिलेली परवानगी किती काळ चालवायची, हा प्रश्न खरा आहे. एखाद्याचा अधिकार सकाळी काढला आणि त्याची जोडणी संध्याकाळपर्यंत चालू राहिली, तर घोटाळा झाला. म्हणून परवानगीला मुदत घालतात. जोडणी तीच ठेवून परवानगीची चिठ्ठी मात्र ठरावीक वेळाने नवी मागतात. त्याला एक हेलपाटा लागतो. तो वाचवू नये.

वेळ झाली आहे. पुढच्या व्याख्यानात याच धाग्यावरून 'प्रत आणि मूळ' हा विषय घेऊ: एकाच फाइलच्या दोन ठिकाणी दोन प्रती असल्या आणि त्या जुळल्या नाहीत, तर खरी कोणती मानायची?